बाबांचा अबोला

शहापूर, २४ मार्च

दादा,

तुझा जुना नंबर लागत नाही. तुझ्या दोस्ताने, जगनने, गुजरातेत मुंद्रा बंदरावरच्या तुमच्या ड्रायव्हर क्वार्टरचा पत्ता दिला, तोही "बहुतेक हाच असंल" असं म्हणून. त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं आधी लिहिते, बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल. शिमग्याला तू फोन केलास तेव्हा बाबा बोलले नाहीत, तो राग नव्हता. त्यांना बोलता येत नव्हतं.

फोन त्यांनी आपटलाही नाही. हातातून पडला. मी समोर उभी होते आणि मलाही तो आपटल्यासारखाच दिसला, म्हणून तू फोन बंद केलास याबद्दल मी तुला काही म्हणत नाही.

बाबांचा अबोला आपल्या घरात नवा नाही. तू गेल्यापासून ते कमीच बोलत होते. फेब्रुवारी लागता लागता अगदी गप्प झाले. आई म्हणायची, "पोराचा राग हाय, उतरंल." मी वाढताना विचारायचे, अजून भात देऊ का, तर नुसते माझ्या तोंडाकडे बघायचे. मला वाटायचं, माझ्यावर कसला राग? मी पण मग बोलणं कमी केलं. घरात सगळे एकमेकांवर रागावलेले, आणि कुणी कुणावर रागावलेलं नाही, असं चाललं होतं.

परवा मुरबाडहून रुपाआत्या आली. दारातूनच ओरडली, "काय रं बारकू, तोंडाचं कुलूप अजून काडलं नाय काय?" बाबा तिच्याकडे बघून हसले. हसू अर्ध्याच तोंडावर आलं. ती जेवायला बसली आणि खाता खाता थांबली.

"वयनी, हा रागावलेला नाय."

"तुमाला काय ठावं, दीड महिना मी बगतेय," आई म्हणाली.

"अगो, ह्याचा राग मी तुज्या आदीपास्नं बगतेय. रागावला का भिंतीकडं तोंड करून जेवतो. आज माज्याकडं तोंड करून बसलाय. आन् डाव्या हातानं जेवतोय, ता दिसत नाय तुमाला?"

दिसत होतं. डाव्या हाताचा घास मी आदल्या दिवशीच पाहिला होता. मला वाटलं, आम्हाला खिजवायला. जेवून ते उठले, अंगणात गेले, आणि उजव्या पायातली चप्पल उंबऱ्यापाशीच राहिली. एक पाय अनवाणी आहे हे त्यांना कळलंच नाही.

इथे शहापूरला डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला काही मार?" आई म्हणाली, नाय. कोंडूकाका म्हणाला, नाय. मीही नाही म्हटलं. बाबांनी डावा हात हळूहळू वर नेला आणि डोक्याच्या डाव्या बाजूवर ठेवला. तसाच ठेवून बसले. तेव्हा आईला आठवलं.

"पडलं व्हतं एकदा. पन रगत नाय आलं. मंग कसला मार?"

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बाहेर नाही आलं ना, म्हणूनच."

कसे पडले ते मी नंतर लिहीन. उद्या ठाण्याला नेतोय. माझा नंबर तोच आहे.

राही


ठाणे, २६ मार्च

दादा,

पहिलं पत्र पोचलं का कळायला मार्ग नाही, तरी लिहिते. फोनवर मी रडले असते आणि अर्धं चुकीचं सांगितलं असतं.

बाबांच्या डोक्याचा फोटो मी पाहिला. इथल्या डॉक्टर मॅडमनी मला स्क्रीनजवळ बोलावलं. कवटी पांढरी, आत राखाडी मेंदू, आणि डाव्या बाजूला कवटीच्या आतून चिकटलेलं काळपट काहीतरी, विळ्याच्या पात्यासारखं वाकलेलं. ते रक्त. त्याच्या दाबाने मेंदूची मधली रेघ एका बाजूला सरकली आहे. मी मान वळवून बाबांकडे पाहिलं. ते कॉटवर बसून डाव्या हाताने चहा पीत होते. डोक्यात एवढं घेऊन माणूस बशीत चहा ओततो, फुंकर मारतो! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मॅडमनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. मी पुन्हा पुन्हा विचारलं आणि त्यांनी प्रत्येक वेळी सांगितलं, शेवटी हसून. वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो. मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. मग साधा धक्का बसला तरी एखादी फाटते आणि थेंब थेंब गळत राहते. त्या वेळी काहीच वाटत नाही. साठलेल्या रक्ताभोवती शरीर पातळ पापुद्रा धरतं, तो पापुद्राच पुन्हा गळतो, आणि असं आठवडे न् आठवडे वाढतं. बोलण्याची जागा बहुतेकांची डाव्या बाजूला असते. उजवा हातही तिथूनच चालतो. म्हणून शब्द गेले, म्हणून फोन पडला.

मी विचारलं, "म्हणजे त्यांना बोलायचं असायचं?"

"असणारच. शब्द सापडत नसतील."

दादा, हे ऐकल्यापासून मला बाबांचं ते बघणं आठवतंय. मी भाताचं विचारायचे तेव्हाचं.

उपाय असे आहेत. रक्त थोडं असतं तर औषध देऊन, पुन्हा पुन्हा फोटो काढून वाट बघता आली असती. काहींचं आपोआप जिरतं. पण बाबांचं जास्त आहे, आणि रोज एक एक गोष्ट जातेय. दुसरा उपाय म्हणजे कवटीला दोन लहान भोकं पाडून ते धुऊन काढायचं, आणि एक-दोन दिवस नळी ठेवायची. तिसरा, कवटीचा तुकडाच उघडायचा. तो मोठा. आत घट्ट गाठी असत्या तर करावा लागला असता. शिवाय अजून एक नवा प्रकार आहे, रक्तवाहिनीतून जायचा, पण मॅडम म्हणाल्या की दाब आत्ता उतरवायला हवा, म्हणून आधी भोकं. सगळ्यात धोका आहे. न करण्यातही आहे.

कोंडूकाका ऐकत नाही. "डोक्याला भोक पाडल्यावर मानूस मानूस ऱ्हातो काय? थोरल्या पोराला इचारल्याबिगर कुनी हात लावाचा नाय." आपल्याकडे घर शाकारायचं असलं तरी थोरल्याला विचारतात, मग हे तर डोकं, असं त्याचं म्हणणं. मॅडमनी उद्यापर्यंत वेळ दिला आहे.

मला वाटतं भोकं पाडावीत. पण माझ्या वाटण्यावर माझाच भरवसा नाही. तुझा शब्द हवा होता.

राही


ठाणे, २८ मार्च

दादा,

तुझा फोन आला नाही. निर्णय आईने घेतला. काका पुन्हा तुझं नाव काढायला लागला तेव्हा ती म्हणाली, "हरेसचा राग हाय म्हनून मी दीड महिना वाट बगली. आता त्याच्या नावानं अजून वाट बगू? धनी कोनाचा हाय ह्यो?" काका गप्प बसला. आत्या काकाकडे बघत माझ्या कानात म्हणाली, "बग, अबोला असा धरत्यात."

मला मात्र एक टोचत होतं. सगळ्यांना विचारलं, बाबांना कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि सावकाश म्हटलं, "बाबा, इथे भोक पाडून घाण काढणार आहेत. काढू दे?" त्यांना किती कळलं माहीत नाही. त्यांनी माझं बोट धरलं, आपल्या डोक्यावर नेलं आणि दाबलं. नांगराला कुठे पाचर मारायची ते दाखवतात ना, तसं.

काल केलं. पूर्ण भूल दिली नाही, तेवढी जागा बधिर केली आणि थोडं गुंगीचं औषध. आम्ही बाहेर. आई जमिनीवर बसली होती, बाक रिकामा असून. पुढचं मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं. पहिलं भोक पडलं आणि आतला पापुद्रा कापला तसं काळं पाणी उसळून आलं, कोऱ्या चहासारखं. मग धूत राहिले, पाणी निवळेपर्यंत. आणि दाबलेला मेंदू हळूहळू वर यायला लागला. तो हलतो, दादा. काळजाच्या ठोक्याबरोबर. मला हे माहीत नव्हतं. बाबांचा मेंदू मॅडमना धडधडताना दिसला. एवढ्या वर्षांत आपण बाबांचे हात पाहिले, पाठ पाहिली, टाचेच्या भेगा पाहिल्या, आणि हे एवढं आत चाललं होतं, कुणाला न दाखवता.

मग मॅडमनी विचारलं, "हरेश कोण?"

आई उठून उभी राहिली.

"मी त्यांना टेबलावर नाव विचारत होते. बोलता येतंय का बघायला. तुमचं नाव सांगा, तुमचं नाव सांगा. ते म्हणाले, हरेश. फाइलवर तर बारकू आहे."

रुपाआत्या भर दवाखान्यात मोठ्याने हसली आणि तोंडाला पदर लावून रडली. "नाव सांग म्हनलं तं पोराचं सांगतो. येडा तो येडाच."

आता कसे पडले ते लिहिते. पहिल्या पत्रात टाळलं, कारण तुला काय वाटेल ते मला कळत होतं. राबासाठी, भाताचं रोप टाकायची जागा भाजायला लागतात त्या फांद्या तोडायला, ते वरच्या बांधावरच्या ऐनाच्या झाडावर चढले होते. गेल्या वर्षीपर्यंत फांद्या तू तोडायचास. "राब भाजायचे दिवस गेले, खत टाका," असं तू म्हणालास, "मंग माज्या शेतात पाय ठेवू नको," असं ते म्हणाले, आणि तू गेलास. ते एकटे चढले. खालच्याच फांदीवरून घसरले, बुंध्याला डोकं आपटलं. उठून कोयता शोधला, डोक्याला टॉवेल बांधला आणि उरलेल्या फांद्या तोडून घरी आले. आईने टॉवेल सोडून पाहिलं. रक्त नव्हतं. चहा केला.

हे तुझ्यामुळे झालं असं मी लिहीत नाही. तू असतास तर कदाचित तू पडला असतास. मी खूप विचार केला आणि मला खरंच तसं वाटतं.

राही


ठाणे, ३० मार्च, पाडवा

दादा,

नळी काढली. बाबा शब्द शब्द बोलतात. आज सकाळी "पानी" म्हणाले, आणि आईने पाणी दिलं तर "तुला" म्हणाले. तू पी, असं. आई ते पाणी प्रसादासारखं प्यायली. उजव्या हाताची मूठ वळते. काल मी त्यांचे पाय चेपत होते तेव्हा उजव्या पायाचा अंगठा त्यांनी आपणहून हलवला आणि माझ्याकडे बघितलं, बघ, म्हणून. इथे रोज कुणाच्या ना कुणाच्या डोक्यातून असं काहीतरी काढतात आणि लोक कँटीनला वडापाव खायला जातात. मला कळत नाही एवढ्या मोठ्या गोष्टीची सवय कशी होते.

दुपारी माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. मी हॅलो म्हटलं. पलीकडे कुणी बोललं नाही, फक्त मोठ्या गाड्यांचा आवाज. मी म्हटलं, "दादा?" तरी काही नाही. मी फोन बाबांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. ओठ हलत होते, शब्द जुळत नव्हता. मग फोन कट झाला.

बाबा म्हणाले, "हरेस." थोड्या वेळाने म्हणाले, "राग. हाय. अजून."

त्या नंबरवर मी परत फोन लावला, तर कुणी चहावाला हिंदीत बोलला, की इथे खूप ड्रायव्हर येतात.

तू होतास ना? मग बोलला का नाहीस? आत्या म्हणते, तुझ्याही डोक्याचा फोटो काढून घ्यावा.

राही


ठाणे, ९ एप्रिल

दादा,

हे पत्र लिहायला मला जड जातंय. आम्ही घरी गेलो होतो. चार माणसं बघायला आली, बाबांनी त्यांना नावाने हाक मारली. मग परवा सकाळी ते आईला "हे दे" म्हणाले. काय हे, ते सांगता येईना. संध्याकाळी "हे" सुद्धा गेलं. या वेळी कुणी राग म्हणालं नाही. सरळ गाडी केली.

रक्त पुन्हा साठलं आहे, पहिल्यापेक्षा कमी. मॅडम म्हणाल्या, काहींचं असं होतं. तो पापुद्रा गळत राहतो. मला मात्र वाटत होतं, आपलं काही चुकलं असेल. उशी उंच दिली असेल, लवकर चालवलं असेल. मी सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझं काही चुकलेलं नाही. आणि हे मी तुझं मन राखायला सांगत नाही."

आता पुन्हा धुऊन काढता येईल, आणि त्याच्या जोडीला तो नवा उपाय. मेंदूच्या आवरणाला रक्त देणारी एक वाहिनी असते. त्या पापुद्र्याला तिचंच पाणी मिळतं. मनगटातून तार घालायची, हातातून खांद्यात, मानेतून वर डोक्यात, अगदी त्या वाहिनीपर्यंत, आणि ती आतून बंद करायची. पापुद्रा हळूहळू सुकतो. मी विचारलं, "त्या वाहिनीवाचून मेंदूला कमी पडणार नाही?" मॅडम म्हणाल्या, ती आवरणाची आहे, मेंदूची वेगळी. पण तीही तपासूनच बंद करतात, कारण कधी कधी तिचा फाटा डोळ्याकडे जातो. क्वचित लकवा होऊ शकतो, तेही त्यांनी लपवलं नाही. हा उपाय अजून सगळीकडे होत नाही हेही सांगितलं.

कोंडूकाका सगळं ऐकून म्हणाला, "म्हंजी पाट वरनं बंद केला का खाचरात पानी येनार नाय."

मॅडम म्हणाल्या, "अगदी तेच."

"मंग ता करा," काका म्हणाला. या वेळी त्याने तुझं नाव काढलं नाही. माझ्या मात्र मनात होतं.

उद्या सकाळी नेणार आहेत. आज बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी या वेळी बघणं टाळलं नाही. मी म्हटलं, "बाबा, शब्द आत आहेत. मला माहीत आहे." त्यांनी डोळे मिटले. एवढं मात्र मी तुला सांगते, की गप्प माणूस रिकामा नसतो. हे मला आधी कुणी शिकवलं नव्हतं.

राही


डोळखांब, २७ एप्रिल

दादा,

बाबा बरे आहेत. हे पहिल्या ओळीत लिहिते.

दोन्ही झालं, आणि आम्ही गावी घरी आलो. मनगटावर टाचणीएवढी खूण आहे, तीही आता जात आली. मनगटातून कुणी डोक्यात जाऊन आलं यावर आत्याचा विश्वास नाही. ती त्यांचा हात उलटा सुलटा करून बघते आणि म्हणते, "हितनं? खोटं नको बोलू गो राही." काल शहापूरला पुन्हा फोटो काढला. विळ्याचं पातं राहिलं नाही, गवताच्या काडीएवढी रेघ आहे. मधली रेघ मधोमध आली आहे. मॅडमनी फोनवर बघून सांगितलं की हीपण जिरेल, पण अजून महिन्या-दोन महिन्यांनी बघायचं. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघत बसले. आई म्हणाली, "सारकं काय बगतेस?" एका माणसाचं बोलणं जाऊन परत आलं, आणि त्याचा फोटो निघतो.

ते बोलतात. हळू, थांबून. "कोयता"ऐवजी "कोंबडा" येतो आणि मग स्वतःच चिडतात. वाक्य अर्ध्यावर थांबतं आणि आपल्याला वाटतं संपलं, पण संपलेलं नसतं. सुरुवातीला आई त्यांचं वाक्य पुरं करायची. त्यावर ते एकदा म्हणाले, "तू… बोल मंग. मी… जातो." तेव्हापासून कुणी मध्ये बोलत नाही. आपल्या घरात कुणी कुणासाठी इतकं थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पहिलं लांब वाक्य त्यांनी तुझ्याबद्दल काढलं. मी खोटं लिहिणार नाही, तुला हवं होतं ते ते म्हणाले नाहीत. त्यांचं मत बदललेलं नाही. वरच्या बांधावर ऐनाखाली अर्ध्या फांद्या अजून पडून आहेत, पानं वाळून चुरा झाली आहेत. त्या दिशेला हात करून ते म्हणाले, "खत टाकलं… तरी राब… भाजायचाच. त्याला सांग. येऊन… भांड म्हनावं."

आई म्हणाली, "भांडायला बोलावताव पोराला?"

"मंग… काय… पूजेला?"

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

शिमग्याला तुला काय सांगायचं होतं, ते मी विचारलं. त्यांना तो फोन आठवतो. तुझा आवाज आठवतो. तू "बाबा, जेवलात काय?" असं विचारलंस, तेही आठवतं. ते म्हणाले, उत्तर तोंडात होतं. काय होतं, ते सांगितलं नाही. तुलाच सांगणार म्हणाले.

तू आलास तर फार बरं. नाही जमलं तर फोन कर. जेवण झाल्यावर ते अंगणात बसतात, फोन मी त्यांच्या उजव्या हातापाशी ठेवते. वाजला की उचलायला त्यांना वेळ लागतो, बोटं अजून जड आहेत. तितका वेळ वाजू दे. उचलल्यावर लगेच आवाज येणार नाही. तू आधीच विचार, जेवलात काय, म्हणजे त्यांना धागा सापडेल.

आणि मग ते गप्प झाले, तर फोन ठेवू नकोस.

राही